आगबोटीवरच्या पाचजणी

२३ डिसेंबर १८७१ रोजी योकोहामा बंदरातून ‘अमेरिका’ नावाची आगबोट सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाली, तेव्हा जपानच्या नव्या मेइजी सरकारातली बरीच वजनदार मंडळी तिच्यावर होती. शिष्टमंडळाचे प्रमुख इवाकुरा तोमोमी, त्यांच्याबरोबर किदो ताकायोशी, ओकुबो तोशिमिची आणि पुढे देशाचा पहिला पंतप्रधान झालेला तरुण इतो हिरोबुमी. पाश्चात्त्य राष्ट्रांनी जपानवर लादलेले करार बदलून घेता येतील का याचा अंदाज घ्यायचा, आणि ही राष्ट्रं चालतात कशी ते डोळ्यांनी पाहून यायचं, असा बेत होता. अधिकारी, चिटणीस, नोकरचाकर मिळून शंभरावर माणसं होती. त्यांत चाळीसेक विद्यार्थी होते आणि विद्यार्थ्यांत पाच मुली.

या प्रवासाची कथा बहुतेक वेळा यशापासून उलट्या दिशेने सांगितली जाते. पाचांतली सगळ्यात धाकटी त्सुदा उमे. तिने १९०० साली टोकियोत मुलींसाठी काढलेली शाळा आज त्सुदा विद्यापीठ आहे, आणि जुलै २०२४पासून जपानच्या ५००० येनच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. यामाकावा सुतेमात्सु ही अमेरिकेतली पदवी मिळवणारी पहिली जपानी स्त्री. नागाई शिगे जपानमधल्या पाश्चात्त्य संगीताच्या पहिल्या शिक्षिकांपैकी एक. त्या तिघींवर पुस्तकं आहेत. उरलेल्या दोघी, योशिमासु रिओ आणि उएदा तेई, बहुतेक ठिकाणी एका वाक्यात आटोपतात : प्रकृतीच्या कारणाने वर्षभरात परत आल्या. मला हे वाक्य फार अपुरं वाटतं. पहिल्या दिवसांत त्या पाचजणी होत्या. त्या दिवसांत काय झालं ते नीट पाहिलं, तर कोण टिकलं आणि कोण नाही याचा बराचसा उलगडा तिथेच होतो.

मुली पाठवायची कल्पना कुरोदा कियोताकाची. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर वसाहत वाढवण्याचं खातं त्याच्याकडे होतं आणि १८७१मध्ये तो स्वतः अमेरिका पाहून आला होता. तिथल्या बायका शिकलेल्या, पुरुषांबरोबर बरोबरीने बोलणाऱ्या दिसल्या, तेव्हा त्याने मनाशी गणित मांडलं : नवी वसाहत उभी करायची तर कर्ते पुरुष हवेत, कर्ते पुरुष हवेत तर शिकलेल्या आया हव्यात. म्हणून मुलींना १० वर्षं अमेरिकेत ठेवायचं, जाण्यायेण्याचा, राहण्याचा, शिक्षणाचा सगळा खर्च सरकारचा, शिवाय वर्षाला ८०० डॉलर. एवढं सगळं देऊ केल्यावरही पहिल्या खेपेला एकही अर्ज आला नाही. दुसऱ्या खेपेला पाच आले आणि पाचही मंजूर झाले.

ही पाचही घराणी १८६८च्या यादवी युद्धात हरलेल्या बाजूची होती, हे लक्षात घेतलं म्हणजे पुष्कळ गोष्टी समजतात. सुतेमात्सु ऐझूच्या किल्ल्यात वेढ्याखाली होती. तोफगोळा आत पडला की तो फुटायच्या आत बायका धावत जाऊन त्यावर ओल्या गोधड्या टाकत. आठ वर्षांच्या सुतेमात्सुने हे पाहिलं, आणि आपल्या भावजयीला गोळ्याच्या जखमांनी मरताना पाहिलं. शिगेच्या भावाने, पुढे मित्सुई व्यापारी घराण्यात मोठं नाव कमावलेल्या मासुदा ताकाशीने, तिच्या नावाचा अर्ज केला. उमेच्या घरी आधी थोरल्या बहिणीचा विचार होता, ती तयार झाली नाही म्हणून धाकटीची पाळी आली, असं सांगतात. उमेचे वडील त्सुदा सेन १८६७मध्ये शोगुनच्या, म्हणजे मेइजीपूर्वीच्या, सरकारतर्फे अमेरिकेला जाऊन आले होते आणि तिथल्या शेतीने भारावले होते, त्यामुळे त्यांना तो देश परका वाटत नसावा. पण निर्णय मोठ्यांचे होते. नव्या राज्यात पुन्हा पाय रोवायचा तर एक मूल सरकारच्या हवाली करणं हा एक मार्ग होता, आणि मुलगा पाठवण्यापेक्षा मुलगी पाठवणं घराला कमी जड गेलं असेल असं मला वाटतं.

वयं पाहा. रिओ आणि तेई चौदाच्या आसपास, सुतेमात्सु ११, शिगे १०च्या आगेमागे. उमे सहा वर्षांची. ३१ डिसेंबरला, भर पॅसिफिक महासागरात, तिला सात पूर्ण झाली.

निघण्याआधी त्यांना राजवाड्यात नेण्यात आलं. सामुराई घरातल्या मुलींना सम्राज्ञीच्या भेटीला बोलावण्याचा तो पहिलाच प्रसंग. सम्राज्ञी स्वतः २२ वर्षांची, पडद्याआड बसलेली. मुलींना तांबडं रेशमी क्रेप मिळालं, मिठाई मिळाली आणि एक लेखी आज्ञा मिळाली. पुढे देशात मुलींच्या शाळा निघतील तेव्हा तुम्ही सर्व स्त्रियांपुढे उदाहरण व्हावं, हे मनात ठेवून रात्रंदिवस अभ्यास करावा, अशा अर्थाची. उमेला त्यातली अक्षरं किती वाचता आली असतील? मुलाला परदेशी पाठवताना आपणही आजी-आजोबांच्या पाया पडायला नेतो, पेढ्याचा पुडा देतो, नाव काढ म्हणतो. पण सहा वर्षांच्या पोरीला एका राष्ट्राच्या स्त्रियांचं नाव काढायला सांगणं ही निराळीच गोष्ट आहे. पुढे उमेने हे ओझं आयुष्यभर वाहिलं. सरकार स्वतःचं आश्वासन विसरलं तेव्हाही ती विसरली नव्हती.

बोटीवर पाचजणींना मिळून एक अरुंद केबिन मिळाली. त्यांची सोबतीण होती अमेरिकेचे जपानमधले राजदूत डीलाँग यांची पत्नी. तिला जपानी येत नव्हतं. मुलींना इंग्रजी येत नव्हतं. उमेला वडिलांनी शिकवलेले जेमतेम दोनचार शब्द येत होते. त्यामुळे ज्या बाईकडे त्यांना सोपवलं होतं तिला त्या ‘पोटात दुखतंय’ एवढंही सांगू शकत नव्हत्या. डिसेंबरमधला उत्तर पॅसिफिक खवळलेला असतो. पाचहीजणींना बोट लागली आणि त्या दिवसच्या दिवस आपापल्या फळीवर पडून राहिल्या. केबिनमध्ये निरोपाच्या मिठाईचे डबे रचून ठेवलेले. अन्न घशाखाली उतरेना म्हणून त्या मिठाईवरच राहायच्या आणि आणखी आजारी पडायच्या. शेवटी शिष्टमंडळातल्या शेजारच्या केबिनमधल्या एका गृहस्थाने ते डबे उचलून समुद्रात टाकले. त्याने भल्यासाठीच केलं. पण घरून आलेली खायची शेवटची वस्तू पाण्यात गेलेली त्या पोरींनी पाहिली, हेही खरं.

याच बोटीवर ओकुबोची दोन मुलं होती. त्यांतला धाकटा, पुढे परराष्ट्रमंत्री झालेला माकिनो नोबुआकी, साधारण शिगेच्याच वयाचा. त्याचे वडील बोटीवर होते, भाऊ जवळ होता. मुलींचं तसं कोणीच नव्हतं. शंभर जपानी पुरुषांच्या जमावात त्या पाचजणींना स्वतःच्या भाषेत जवळ घेणारी एखादी मोठी बाई नेमावी, असं या एवढ्या काटेकोर सरकारला सुचलं नाही. कराराचे मसुदे होते, देणग्यांच्या याद्या होत्या, सोबतीला एक दाई नव्हती. मी हे पुन्हा पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी मला राग आला.

आणि याचे परिणाम दिसायला वेळ लागला नाही. शिष्टमंडळातला एक तरुण, इंग्रजी येतं म्हणून भाव खाणारा, रिओच्या मागे लागला आणि त्याची मर्यादा सुटली. रिओने तक्रार केली. तेव्हा इतोच्या डोक्यातून कल्पना निघाली की बोटीवर लुटुपुटूचं न्यायालय भरवावं : परदेशी न्यायपद्धतीचा सरावही होईल आणि कंटाळवाण्या प्रवासात करमणूकही. न्यायाधीश, वकील, आरोपी अशा भूमिका वाटल्या गेल्या. शिष्टमंडळातल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने हे अशोभनीय आहे असं स्पष्ट बजावलं, तरी खेळ झाला. चौदा वर्षांच्या मुलीने धीर करून केलेली तक्रार भरसभेत तमाशा झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत रिओ गप्प झाली असेल, घर आठवून रडली असेल, की तिने ते झटकून टाकलं असेल, याची नोंद कोणी केली नाही. तिची नोंद पुढे फक्त आजारी म्हणून येते.

१५ जानेवारी १८७२ला बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली. मुक्काम ग्रँड हॉटेलात. शिष्टमंडळाचा इतिवृत्तकार कुमे कुनिताके याने जे जे पाहिलं ते मोठ्या बारकाईने लिहून ठेवलं. पायाखालचे गालिचे, मोठाले आरसे, तोटी फिरवली की येणारं पाणी, भिंतीतून निघणारा गॅसचा उजेड, माणसांसकट वर जाणारी खोली. त्याचं हे प्रवासवृत्त १८७८मध्ये पाच खंडांत छापलं गेलं आणि ते आजही वाचनीय आहे. त्याच हॉटेलातल्या मेजवानीत इतोने इंग्रजीतून जपानच्या उगवत्या सूर्याबद्दल गाजलेलं भाषण केलं.

मुलींच्या वाट्याला आलेलं सॅन फ्रान्सिस्को वेगळं होतं. वर्तमानपत्रांनी त्यांना राजकन्या ठरवून टाकलं. त्या कुठेही गेल्या की गर्दी जमायची. लोक त्यांच्या किमोनोवरचं भरतकाम आणि केसांची ठेवण निरखायचे. डीलाँगबाईंना हे कौतुक आवडत होतं. मुलींना मात्र हॉटेलच्या जेवणघरात काय मागावं तेही कळत नव्हतं. म्हणून पुष्कळदा खोलीतच बसायचं. पाचजणी मात्र एकत्र होत्या. त्या खोलीत जपानी बोललं जात होतं, थोरल्या दोघी धाकट्यांच्या केसांना हात लावत असतील, कमरपट्टे बांधून देत असतील. सात वर्षांच्या मुलीला किमोनोचा ओबी एकटीने बांधता येत नाही. उमेच्या पहिल्या दिवसांत तिची आई कोण होती, असा प्रश्न केला तर माझं उत्तर रिओ आणि तेई असं आहे. याचा लेखी पुरावा मी देऊ शकत नाही, पण त्या केबिनमध्ये आणि त्या खोलीत दुसरं होतं तरी कोण?

इथे कपड्यांबद्दल थांबून लिहायला हवं, कारण या मुलींचा पहिला सामुदायिक हट्ट कपड्यांवरून झाला. त्यांनी डीलाँगबाईंना खुणेने, दुभाष्यामार्फत, जमेल तसं सांगितलं की आम्हाला इथल्यासारखे कपडे हवेत. लोक टक लावून बघतात, आणि थंडी वाजते. बाई ऐकेनात. रेशमातल्या पाच राजकन्या बरोबर घेऊन फिरण्याची हौस त्यांना सोडवेना. ३१ जानेवारीला मंडळी खास डब्यांतून रेल्वेने पूर्वेकडे निघाली. हा खंड ओलांडणारा लोहमार्ग पुरा होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. सिएरा नेवाडाच्या बर्फातून ते सॉल्ट लेक सिटीला पोहोचले आणि अडकले. पुढचा मार्ग बर्फाखाली गाडला गेला होता. ४ ते २२ फेब्रुवारी, सगळं शिष्टमंडळ त्या गावात बसून राहिलं. पुरुषांनी गरम पाण्याचे झरे पाहिले, लष्करी छावणी पाहिली, मॉर्मन पंथाच्या बहुपत्नीकत्वाची चौकशी केली. मुली त्याच रेशमी कपड्यांत होत्या.

शेवटी त्यांनी बाईंना ओलांडून थेट इवाकुरांकडे गाऱ्हाणं नेलं. ज्या माणसासमोर मोठमोठे अधिकारी मान वर करत नसत त्याच्याकडे! शिकागोत त्यांना तयार कपडे मिळाले. योगायोग असा की खुद्द इवाकुरांनीही तिथेच आपली शेंडी उतरवली आणि पाश्चात्त्य पोशाख घातला. त्यांचे मुलगे आधीपासून अमेरिकेत शिकत होते, ते भेटायला आले होते; वडिलांचा जुना वेश पाहून लोक आदर करत नाहीत, करमणूक करून घेतात, असं त्यांनी बापाला पटवलं. ऑक्टोबरमधल्या भीषण आगीने शिकागो अजून काळवंडलेलं होतं. शिष्टमंडळाने आगग्रस्तांसाठी ५००० डॉलर दिले आणि ते पुढे निघाले.

हे वाचताना मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्या ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून निघाल्या, म्हणजे उमे मायदेशी परतल्यानंतर काही महिन्यांनी. वेशाचा प्रश्न त्यांच्याही पुढे होता, पण उलट्या बाजूने आलेला. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं श्रीरामपूरच्या सभेत जाहीर करून त्या निघाल्या होत्या. लुगडं सोडायचं नव्हतं, आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीत पिंढऱ्या उघड्या पडत. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसून मार्ग काढला. त्यांच्याच कॉलेजात ओकामी केइको ही जपानी विद्यार्थिनी होती. १८८५च्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात दोघी आपापल्या देशी वेशात शेजारी दिसतात. आनंदीबाईंनी वेश स्वतः राखला होता. पाच जपानी मुलींवर तो दुसऱ्यांच्या हौसेसाठी राखला गेला. कडाक्याची थंडी दोन्हीकडे सारखीच, पण स्वतः ठरवून सोसलेली थंडी आणि कोणाच्या शोभेसाठी सोसलेली थंडी यांत मी फरक करतो.

२९ फेब्रुवारीला, बर्फ पडत असताना, गाडी वॉशिंग्टनला पोहोचली. जपानी वकिलातीचा प्रमुख मोरी आरिनोरी तेव्हा जेमतेम चोवीस-पंचवीस वर्षांचा आणि अविवाहित. नव्या कपड्यांतल्या पाचजणी समोर उभ्या, त्यांत ती चिमुरडी उमे. सरकारने आपल्याकडे तान्हं मूलच पाठवलं की काय, आता मी हिचं करू काय, असे उद्गार त्याने काढले म्हणतात. त्याला दोष द्यावासा वाटत नाही. मुलींना पाठवताना १० वर्षांचा खर्च मोजला होता. पहिल्या रात्री त्या कुठे झोपतील हे कोणीतरी वॉशिंग्टनला ठरवेल असं गृहीत धरलं होतं. वकिलातीचे अमेरिकन चिटणीस चार्ल्स लॅनमन यांनी आपल्या जॉर्जटाऊनच्या घरी उमे आणि रिओ या दोघींना नेलं. बाकी तिघी दुसऱ्या घरी गेल्या. लॅनमन दांपत्याला मूल नव्हतं. उमेचं नशीब त्या दाराशी उघडलं.

काही आठवड्यांनी मोरीने पाचजणींना पुन्हा एकत्र आणलं. कनेटिकट अॅव्हेन्यूवर भाड्याचं घर, एक शिक्षिका, इंग्रजीचे धडे, पियानो. त्या घराबद्दल वाचताना मला बरं वाटतं. बोट, हॉटेल, आगगाडी, बर्फ यांनंतर पहिल्यांदाच त्यांना एक पत्ता मिळाला होता, आणि तोही सगळ्यांचा मिळून. अर्थात व्हायचं तेच झालं. धडा संपला की पाचजणी जपानीत बोलायच्या. इंग्रजी पुढे सरकेना. गटाने आलेल्या मुलांचं हे कुठेही होतं, आज मेलबर्नला किंवा बर्लिनला गेलेली आपली मुलं एका घरात राहिली तर स्वयंपाकघरात मराठीच बोलतात. परक्या मुलखात तोल सांभाळून ठेवणारी गोष्ट आणि शिकणं लांबवणारी गोष्ट एकच असते, आणि पहिल्या महिन्यांत तिच्यावर घाव घालायचा का, याचा निर्णय सोपा नसतो.

मोरीने घाव घातला. ऑक्टोबर १८७२मध्ये ते घर मोडलं. तोवर रिओचे डोळे बिघडले होते. प्रवासातल्या बर्फाच्या चकाकीने ते गेले असं म्हटलं जातं. डॉक्टरांनी वाचन बंद करायला सांगितलं होतं. तेईची प्रकृतीही उतरली होती. दोघींना परत पाठवायचं ठरलं. सुतेमात्सु आणि शिगे न्यू हेवनकडे दोन वेगवेगळ्या कुटुंबांत गेल्या. सुतेमात्सु रेव्हरंड लिओनार्ड बेकन यांच्या घरी. तिचा भाऊ केंजिरो तिथेच येल विद्यापीठात शिकत होता आणि तो तिच्याकडून जपानीचा अभ्यास नेमाने करून घेई. उमे लॅनमन पतिपत्नींकडे एकटी राहिली, आणि पुढली दहा वर्षं त्यांची लेक होऊन राहिली.

त्याच वर्षी चीननेही ३० मुलगे अमेरिकेला धाडले होते. पुढच्या तीन वर्षांत त्यांची संख्या १२० झाली. त्यांच्यासाठी हार्टफर्डला चिनी शिक्षक होते, चिनी ग्रंथांचं पाठांतर सक्तीचं होतं. इतकी काळजी घेऊनही मुलं फारच अमेरिकन होताहेत, या भीतीने १८८१मध्ये सगळ्यांना माघारी बोलावलं गेलं. जपानने मुलींच्या बाबतीत ही भीती बाळगली नाही, असं कोणी कौतुकाने म्हणेल. माझ्या मते जपानने त्यांच्याबाबतीत काहीच बाळगलं नाही. ज्या खात्याने त्यांना पाठवलं ते १८८२मध्ये बंद झालं. त्याच नोव्हेंबरात उमे आणि सुतेमात्सु योकोहामाला उतरल्या, तेव्हा त्यांना काय काम द्यायचं याची कोणाकडेही योजना नव्हती. आणि उमेला तोवर जपानी बोलता येत नव्हतं. वडिलांना इंग्रजी येत होतं म्हणून निभावलं. आईशी बोलायला मध्ये कोणीतरी लागे. त्या दिवसांपासून तिने लॅनमनबाईंना लिहिलेली शेकडो पत्रं १९८४मध्ये तिच्याच शाळेच्या पोटमाळ्यावर सापडली. आपल्याच देशात परकी म्हणून काढलेले तिचे पहिले दिवस त्यांत शब्दाशब्दाला दिसतात.

रिओ आणि तेईची अशी पत्रं नाहीत. नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकेनंतर त्या परतल्या तेव्हा त्यांच्या स्वागताला सम्राज्ञी नव्हती, आज्ञापत्र नव्हतं. अपुरं राहिलेलं काम म्हणून त्यांच्याकडे पाहिलं गेलं असेल. तेईने एका वैद्य घराण्यात लग्न केलं आणि ती पाचांत सर्वांत दीर्घायुषी ठरली. रिओने मात्र शिकवायचं सोडलं नाही. उमेची शाळा निघायच्या चौदा-पंधरा वर्षं आधी, तिने टोकियोच्या क्योबाशी भागात मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. कनेटिकट अॅव्हेन्यूच्या घरात, दुखऱ्या डोळ्यांनी, जेवढं इंग्रजी पदरात पडलं तेवढ्या बळावर तिने ते काम सुरू केलं. १८८६च्या कॉलऱ्याच्या साथीत ती गेली. तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती.